दोन खोल्यांतला एकच आकडा

प्रिय विलास,

आज दुपारी साइटवरून लाकडी पेटी आली. आण्णाप्पांच्या द्राक्षबागेत घेतलेल्या बोअरची. आत खाचा आणि खाचांत ओळीनं मांडलेले दगडाचे दांडके. मी ऑफिसातल्या पोरांना चहाला पाठवलं आणि एकटीनं झाकण उघडलं. वर माती, मग मुरूम, मग बरोबर सात मीटरवर काळा खडक. घट्ट, एकसंध, तू म्हणाला होतास तसाच. आणि दोन मीटरनंतर तांबडी माती. अंगठ्यानं दाबली तर अंगठा रुतला.

म्हणून हे पत्र. तू गेल्यापासून कितीदा वाटलं लिहावं, पण लिहिणार काय? गॅस संपला, आपल्या ओवीचा पुण्याहून फोन आला, तुझी चप्पल अजून दारातच आहे. हे कुणी पत्रानं कळवतं का? आज मात्र कळवण्यासारखं काहीतरी आहे. तुझा खडक फक्त दोन मीटरचा निघाला.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून लिहिते. मलाच ते एकदा ओळीनं मांडायचं आहे.

आपल्या मेजरसाहेबांनी दोन खोल्या केल्या तो दिवस आठवतो? सैन्यातून निवृत्त होऊन साताऱ्यात डिझाइनचं ऑफिस काढलेला माणूस, आणि हाती आलेलं सगळ्यात मोठं काम. कृष्णेचं पाणी उचलायचं आणि सोंडेपलीकडच्या कोरड्या गावांना न्यायचं. कुंडलच्या पुढे आडव्या पडलेल्या त्या डोंगराला तिथली माणसं नुसती सोंड म्हणतात. तिच्या पोटात काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. आपल्याकडचे डोंगर थराथरांचे. दोन काळ्या थरांमध्ये तांबडी माती कुठे दडली असेल त्याचा नेम नाही. ती पाण्यानं फुगते, आणि बोगद्यात डोक्यावर आली तर खालच्या माणसांची खैर नसते.

म्हणून मेजरसाहेब म्हणाले, आपण दोन्ही करायचं. खालच्या खोलीनं डोंगरातून बोगदा काढायचा, वरच्या खोलीनं खिंडीवरून पाइप चढवायचा. दोन्ही आराखडे पुरे, खऱ्या कामासारखे. डोंगराचं पोट कळेपर्यंत एकही बंद करायचा नाही. बोगदा फसला तर पाइप तयार पाहिजे आणि पाइप फसला तर बोगदा.

सांगलीच्या बैठकीत एका अधिकाऱ्यानं टोमणा मारला होता. "साहेब, दोन्ही डगरींवर हात ठेवायला लागला की तुम्ही."

मेजरसाहेब शांतपणे म्हणाले, "हात नाही ठेवला. दोन डगरींवर दोन माणसं उभी केलीत."

ती दोन माणसं म्हणजे आपण. खालची खोली तुझी, वरची माझी. "नवरा-बायको दोन खोल्यांत, जमेल ना?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा तू म्हणालास, "साहेब, आमचं घरात तरी कुठं एकमत हाय?" सगळे हसले. मग त्यांनी एकच नियम सांगितला. एका खोलीचा आकडा दुसऱ्या खोलीत जाता कामा नये. ज्यानं त्यानं आपला आकडा जमिनीवरून आणायचा.

आपण तो नियम किती कडक पाळला! नकाशे घरी आणायचे नाहीत, जेवताना सोंडेचं नाव काढायचं नाही. दोन्ही खोल्यांत एकच गोष्ट एकसारखी जायची, ती म्हणजे डब्यातली भाजी. पोरं जिन्यात एकमेकांना विचारायची, "आज दोन्हीकडं काय?"

पण खरं सांगू? त्या दोन वर्षांत आपलं घर मुकं झालं होतं. आपली ओळखच मुळी कामातून झाली. वाईची मी, नदी फक्त घाटावरून बघितलेली, असं तू चिडवायचास. पलूसकडचा तू, लहानपणी बापाच्या विहिरीत सुटीभर डुंबलेला. लग्नाआधीही आपण बोललो ते पायावर, भिंतींवर, गळणाऱ्या कालव्यांवर. ते सगळं बंद झालं आणि उरलं काय, तर दूध आणलं का, लाइटचं बिल भरलं का. तुला तसं कधी वाटलं का रे? विचारायचं राहून गेलं.

दिवाळीनंतरची ती संध्याकाळ. मी भाकरी थापत होते, तू ओट्याशी उभा राहून घेवड्याच्या शेंगा मोडत होतास. दोघांच्याही आराखड्यात एक जागा सामाईक होती. सोंडेच्या पूर्वेचा पायथा, आण्णाप्पांची बाग. तुझ्या बोगद्याचं तोंड तिथंच उघडणार होतं, आणि डोंगरावरून उतरणारा माझा पाइप धरून ठेवणारा काँक्रीटचा ठोकळाही तिथंच बसणार होता. खडक किती खाली आहे हे दोघांनाही हवं होतं. पण द्राक्षाची छाटणी झालेली, मांडवात बोअरची गाडी घालायला आण्णाप्पा तयार नव्हते. माल उतरेपर्यंत थांबा, म्हणाले.

मी तव्यावरची भाकरी उलटली आणि विचारलं, "पूर्वेच्या पायथ्याला खडक कितीवर आहे रे?"

तू शेंग मोडता मोडता थांबलास. मला वाटलं, आता नियम सांगशील. तू म्हणालास, "चार परस. मी स्वतः हिरीत उतरून बघितलाय."

मग सुटलासच. गेल्या उन्हाळ्यात आण्णाप्पांच्या विहिरीत कसा उतरलास, पारव्यांनी सदऱ्यावर काय केलं, तळाशी घोटाभर पाणी आणि पाण्याखाली काळाभोर खडक, त्यावर हात फिरवताना आपल्या जुन्या विहिरीची कशी आठवण आली. अर्धा तास तू बोलत होतास. एक भाकरी करपली, तरी मी तुला थांबवलं नाही. चार परस म्हणजे चार माणसांची उंची, सात मीटर, हा हिशेब मी मनातच केला.

आज कबूल करते, मला आकडा नको होता. मला तुझ्याशी बोलायचं होतं. आकडा त्याच्याबरोबर आला, आणि आलाच आहे तर मी तो घेतला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही डब्यांत घेवडा होता आणि दोन्ही खोल्यांच्या नकाशांवर सात मीटर. तुझ्या नकाशाखाली तू लिहिलंस, प्रत्यक्ष पाहणी. ते खरं होतं. माझ्या नकाशाखाली मी लिहिलं, स्वतंत्र पाहणी. ते खोटं होतं.

डिसेंबरात सांगलीला तज्ज्ञांच्या समितीपुढे दोन्ही नकाशे शेजारी शेजारी लावले. अध्यक्ष चष्मा वर करून बघत राहिले, मग पूर्वेच्या पायथ्यावर बोट ठेवून म्हणाले, "याला म्हणतात काम. दोन खोल्या, दोन वाटा, आणि आकडा एकच. आता तिथं बोअरचं भोक पाडून त्या शेतकऱ्याची बाग कशाला मोडायची?" बोअर रद्द झालं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला. तू माझ्याकडे बघितलंस, ते मला दिसलं होतं.

एकाच विहिरीवरून काढलेल्या आकड्याला दोन साक्षीदार मिळाले. नियम मोडण्यातला खरा धोका मला तिथं कळला. आपला आकडा एका खोलीत चुकीचा असता तर दुसऱ्या खोलीनं तो पकडला असता. दोन खोल्या केल्याच होत्या त्यासाठी. आपण दोघांनी मिळून ती सोय मोडून टाकली.

साताऱ्यात पोवई नाक्यावर जीपमधून उतरलो आणि घराकडे चालू लागलो. तू म्हणालास, "उद्या सकाळी मेजरना सांगू या. बरं न्हाई हे."

"आता कशाला?" मी म्हटलं. "द्राक्षं उतरू देत. आपणच काहीतरी निमित्त काढून बोअर घेऊ. आकडा बरोबर निघाला तर सांगायचीही गरज नाही."

"आगं, आपण दोघं एकाच डगरीवर उभं हाय. त्यांना वाटतंय दोन हायत."

"आणि माझ्या नकाशावर स्वतंत्र पाहणी लिहिलंय, त्याचं काय?"

घराजवळ आल्यावर तू म्हणालास, "बघ. वरची खोली तुझी हाय. तू म्हणशील तवा सांगू."

माझं एवढं ऐकायचं काय कारण होतं? तीस वर्षांत पडद्याच्या रंगापासून ओवीच्या कॉलेजपर्यंत एकाही गोष्टीत तू माझं सरळ ऐकलं नाहीस, आणि हीच नेमकी ऐकलीस. तू भांडला असतास तर मी हरले असते, आणि ते बरं झालं असतं. हा माझा तुझ्यावरचा राग आहे. तो मी इथं लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे बोलता येत नाही.

संक्रांत झाली. पुढच्या आठवड्यात सकाळी बूट घालताना तू खुर्चीतच कललास. एक बूट पायात, एक हातात. त्याबद्दल आज लिहीत नाही.

चौदाव्या दिवशी मी कामावर गेले. तुझ्या खोलीतल्या पोरांनी बोगद्याच्या तोंडाच्या नकाशाला नवीन नाव दिलं होतं. कागदावर नाही, बोलण्यात. "विलाससरांचं तोंड उघडेल तेव्हा नारळ मॅडमच फोडणार," असं त्यातला एक मला म्हणाला आणि मग त्यालाच रडू आलं. त्याला मी काय सांगणार होते? विलाससरांचा आकडा कुणी तपासलेलाच नाही, म्हणून?

तू जिवंत असताना सांगायचं म्हणजे माझी लाज जाणार होती. आता सांगायचं म्हणजे तुझीही जाणार, आणि तुला बाजू मांडता येणार नाही. हे कारण मला फार सोयीचं पडलं. फेब्रुवारी सगळा त्याच्यावर काढला.

मार्चमध्ये मेजरसाहेबांनी बोलावलं. पश्चिमेकडून खणलेला चाचणीचा छोटा बोगदा डोंगराच्या मध्यापर्यंत गेला होता, खडक चांगला लागला होता, पूर्वेचा आकडा तर दोन खोल्यांनी पक्का केलेलाच. समितीनं बोगदा निवडला. "महिनाअखेर वरची खोली बंद करू या, शैला," ते म्हणाले. "तुमचं काम वाया गेलं असं समजू नका. ते होतं म्हणून इतक्या निर्धास्तपणे हे निवडता आलं." आणि सहीसाठी कागद पुढे केला.

मी म्हटलं, "एक दिवस द्या."

दुसऱ्या दिवशी एसटीनं कुंडलला गेले, तिथून रिक्षानं आण्णाप्पांच्या मळ्यावर. माल उतरत होता, मांडवाखाली क्रेट लागले होते. आण्णाप्पांनी मला ओळखलं. बायकोला हाक मारून चहा ठेवायला सांगितला आणि द्राक्षाचा घड पुढे केला. तू गेल्याचं त्यांना कळलं होतं.

"तुमचं मालक उतरलं होतं की आमच्या हिरीत," ते म्हणाले. "लय वेळ खडकावर हात फिरवत बसलं हुतं. म्या वरनं हाक मारली, आवं सायेब, जेवाय या. तवा वर आलं."

मी विचारलं, "आण्णा, त्या खडकाखाली काय आहे?"

"कुणाला ठावं?"

"विहीर खणताना बघितलं नाही?"

ते हसले. "आवं ताई, हीर पाणी लागलं की थांबती. चार परसावर खडक लागला, फटीतनं पाणी आलं, वडिलांनी नारळ फोडला. पाणी लागल्यावर फुडं कोण खणतंय?"

मी बांधावर बसून राहिले. तीस वर्षं डिझाइन करणाऱ्या दोन माणसांना हे सुचलं नव्हतं. विहीर खडक कुठे सुरू होतो ते सांगते. तो किती जाड आहे ते सांगत नाही, कारण विहीर खणणाऱ्याला ते नकोच असतं. वाईत वाढलेल्या माणसानं ही चूक केली नसती, त्यानं विहिरीला काही विचारलंच नसतं. ती तूच करू शकत होतास, बापाच्या विहिरीवर जीव असलेला. आणि तुझ्यावर जीव होता म्हणून मी.

समोर सोंडेचा उतार होता. पावसाळा संपला की तिथं माणसं येणार, तोंड उघडणार, आपल्या आकड्याच्या भरवशावर डोक्यावर डोंगर घेऊन आत शिरणार. त्यांना काय ठाऊक, हा आकडा भाकरी थापताना आलाय म्हणून. त्यानंतर मला फार विचार करावा लागला नाही. आण्णाप्पांना विचारलं, माल उतरला की गाडी घालू द्याल का? ते म्हणाले, "आत्ता तर मांडव मोकळाच हुतोय. घाला की."

दुसऱ्या दिवशी सकाळी मेजरसाहेबांना सगळं सांगितलं. भाकरीपासून पोवई नाक्यापर्यंत. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर सोपं गेलं असतं.

"अजून किती आकडे असे?" त्यांनी विचारलं.

"एकच."

"आता ते मी कशावरून मानू?"



मग ते म्हणाले, "विलासला सांगावंसं वाटलं नाही?"

"त्याला दुसऱ्याच दिवशी सांगायचं होतं. मी थांबवलं."

"नदी ओलांडायची असली की आम्ही दोन तुकड्या दोन घाटांवर पाठवायचो. रात्री एका चुलीवर जेवू देत की. पण पाण्याची खोली ज्यानं त्यानं आपल्या पायानं मोजायची," ते म्हणाले. माझ्यापुढचा सहीचा कागद त्यांनी परत घेतला आणि त्याबरोबर माझा सहीचा अधिकारही. वरची खोली आता दुसऱ्याकडे आहे. मी त्याच खोलीत, दाराजवळच्या टेबलावर बसते. मला दिलेलं काम असं की, दोन्ही खोल्यांतला एकेक आकडा कुठून आला ते शोधायचं.

तीन आठवडे ते करते आहे. अजून दोन निघाले. पोरांनी चहाच्या टपरीवर एकमेकांना विचारून घेतलेले. हे कळल्यावर मला जरा बरं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. एकत्र चहा पिणाऱ्या माणसांना असा नियम पाळणं किती अवघड आहे, हे मेजरसाहेबांनाही आता पटलंय. त्यांनी प्रत्येक नकाशाला एक रकाना वाढवलाय. आकडा कुठून आला, कुणी दिला, कुणी तपासला.

आणि आज ही पेटी. दोन मीटर खडक, मग ही माती, आणि ती पाच मीटर तरी आहे. तुझं तोंड तिथं उघडता येत नाही. माझा ठोकळाही तिथं बसत नाही. दोघंही एकदमच पडलो असतो. आता माझा पाइप उतारावर वर सरकेल आणि तुझं तोंड कुठे जाईल ते खालची पोरं शोधताहेत. बोगदा मेलेला नाही, तेवढी काळजी करू नकोस. दोन्ही खोल्या चालू आहेत. त्यातलं कुठलं जिंकेल, ते मला खरंच माहीत नाही.

तुझ्या पोरांना मीच सांगितलं. जो रडला होता, तो माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. आज पेटी वर त्यानंच उचलून आणली. चहाहून परतल्यावर माती बघितली आणि झाकणावर हात ठेवून म्हणाला, "मॅडम, सर असते तर त्यांनीच पहिलं बोट घातलं असतं मातीत." ते मात्र खरं आहे.

आता वचन. नकाशाच्या नव्या रकान्यात पूर्वेच्या पायथ्यासमोर मी तुझं नाव पुसणार नाही आणि माझंही लपवणार नाही. आजच लिहिलं. जुना आकडा: सात मीटर, अखंड खडक. विहीर पाहून विलास यांनी सांगितला, शैला यांनी विचारून घेतला, दोघांनीही तपासला नाही. हा कागद दोन्ही खोल्यांत लागेल. लग्नपत्रिकेनंतर आपली नावं एका कागदावर शेजारी शेजारी पहिल्यांदाच आली बघ.

दुसरं वचन असं की, यापुढे खडक कितीवर आहे हे मी फक्त जमिनीला विचारीन. घरात विचारायला तसंही आता कुणी नाही.

तुझी,
वरच्या खोलीतली
शैला